'पिच', 'गेज' आणि 'सूत' : सरपणाच्या यंत्रासाठी साखळी निवडताना

प्रश्न

आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ओंडके कापून फोडणारे सरपणाचे यंत्र जुळवण्याचे काम चालू आहे. लाकूड बाभूळ, सुबाभूळ आणि अकेशियाचे असून ओंडक्याची जाडी फुटाच्या आतबाहेर असते. कापण्यासाठी चेनसॉचीच (यंत्रावर फिरणाऱ्या साखळी-करवतीची) साखळी आणि बार, म्हणजे साखळी जिच्या कडेच्या खोबणीतून फिरते ती पट्टी, बसवायचा आहे. दुकानदार आधी पिच आणि गेज विचारतो. आमचे फिटर हाताशी असलेल्या जुन्या साखळीवर कॅलिपर लावून ती 'सहा सुती' आहे म्हणतात. आणि त्याच साखळीच्या बारवर मात्र ३/८ असे कोरलेले आहे. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, मग ३/८ कुठून आले? हे शब्द नेमके कोणत्या मापाला लावायचे आणि आमच्या यंत्राला कोणते माप घ्यावे, याचा खुलासा व्हावा.

उत्तर

तुमच्या फिटरचे मोजमाप बरोबर आहे आणि बारवरचा आकडाही बरोबर आहे; घोटाळा 'पिच' या शब्दाच्या व्याख्येत आहे. सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या साखळीत लगतच्या दोन पिनांच्या मध्यांतील अंतराला पिच म्हणतात, आणि तिथे सगळी अंतरे सारखी असल्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. करवतीच्या साखळीत तळाला टोक असलेली चालक कडी आणि दोन बाजूंच्या पट्ट्या आळीपाळीने येतात, आणि त्यांच्या रिव्हेटांमधील अंतरे एकसारखी नसतात. म्हणून ओळीने तीन रिव्हेट धरायचे, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचे आणि त्याचे निम्मे करायचे. त्या निम्म्या अंतराला पिच म्हणतात. तुमच्या फिटरनी तीन रिव्हेटांचे अंतर मोजले आणि निम्मे करायचे राहिले. सहा सुतांचे निम्मे तीन सूत, म्हणजेच ३/८ इंच.

ही चूक निरुपद्रवी असती, पण ३/४ इंच पिचची साखळी खरोखरच अस्तित्वात आहे. ती जंगलतोडीच्या मोठ्या यंत्रांवर चालते आणि तिच्या तीन रिव्हेटांमधील अंतर बारा सूत, म्हणजे दीड इंच भरते. 'सहा सुती पिच' असे चिठ्ठीवर लिहून दिलेत आणि दुकानदार जाणकार निघाला, तर तो तुम्हाला तीच देऊ करील.

'सूत' या शब्दाबद्दलही थोडे लिहायला हवे. आठ सुतांचा एक इंच हा हिशेब आपल्या सुतार, लोहार आणि सळईच्या व्यवहारात इतका मुरलेला आहे, की १० मिलिमीटरच्या सळईला आजही तीन सुती आणि १२ मिलिमीटरच्या सळईला चार सुती म्हटले जाते. करवतीच्या साखळ्यांपैकी १/४, ३/८ आणि ३/४ ही मापे सुतात सरळ सांगता येतात. ०.३२५ आणि ०.४०४ इंच ही दोन मापे मात्र सुतात बसत नाहीत. ०.४०४ म्हणजे सव्वातीन सुतांना किंचित कमी. ते बोलीत 'तीन सुती'च ठरण्याचा धोका आहे, आणि ३/८ च्या चाकावर ०.४०४ ची साखळी चालत नाही. साखळी, तिला फिरवणारे दातेरी चाक आणि बारच्या टोकाला चाक असल्यास ते, या तिन्हींचे पिच एकच असावे लागते. तेव्हा या कामापुरते सूत बाजूला ठेवून आकडाच लिहावा, असे माझे मत आहे.

मोजताना आणखी एक काळजी घ्यावी. तीन रिव्हेटांवर ३/८ आणि ०.४०४ यांच्यात जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक पडतो, आणि जुनी साखळी ताणून लांबलेली असते. शंका असेल तर एकवीस रिव्हेट मोजून वीस अंतरांनी भागावे.

'गेज'विषयी पुरवणी

वरील उत्तरात गेज राहिला आहे, आणि माझ्या मते पिचपेक्षा त्याचाच घोळ अधिक होतो. पत्र्याच्या बाजारात गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. सोळा गेजचा पत्रा अठरा गेजपेक्षा जाड असतो. रेल्वेत तोच शब्द दोन रुळांमधील अंतराला लावतात. साखळीच्या बाबतीत गेज म्हणजे चालक कडीचा जो भाग बारच्या खोबणीत उतरतो त्याची जाडी, आणि ती थेट इंचात दिलेली असल्याने आकडा वाढला की जाडीही वाढते. ०.०५० म्हणजे १.३ मिलिमीटर, ०.०५८ म्हणजे १.५, ०.०६३ म्हणजे १.६ आणि ०.०८० म्हणजे २ मिलिमीटर. मराठीत 'कडीची जाडी' म्हटले तर कारागिराला न सांगता कळते. 'मापी' वगैरे रेल्वेच्या धर्तीचे शब्द इथे कशाला हवेत?

गेज खोबणीला जुळला नाही तर दोन गोष्टी संभवतात. साखळी जाड असेल तर ती खोबणीत उतरणारच नाही, आणि हा प्रकार निदान लगेच कळतो. पातळ असेल तर ती खोबणीत कलते, काप तिरका जातो आणि बार लवकर झिजतो. नुसते '०.४०४ ची साखळी' म्हणणेही पुरेसे नाही, कारण हातातल्या चेनसॉची ०.४०४ साधारणपणे ०.०६३ गेजची असते, तर जंगलयंत्रांची ०.०८० गेजची, पिच एकच असूनही ती एकमेकांच्या बारवर चालत नाहीत.

लांबी सांगतानाही 'कड्या किती' या प्रश्नात संदिग्धता आहे. सायकलच्या साखळीत सगळ्या कड्या मोजतात. इथे फक्त चालक कड्या मोजायच्या. एक चालक कडी म्हणजे दोन पिच. ३/८ च्या साखळीला ७२ चालक कड्या असतील तर तिचा पूर्ण घेर ५४ इंच होतो.

प्रश्नकर्त्याकडून

शब्दांचा उलगडा झाला, आभारी आहे. आता निवडीचे सांगावे. आमच्याकडे १४४० आर.पी.एम.ची (मिनिटाला १४४० फेऱ्यांची) थ्री-फेज मोटर पडून आहे. जाड साखळी घेतली म्हणजे काम झाले, असे आमचे गृहीत होते.

उत्तर

जाड साखळी अधिक टिकते, पण ती चीरही रुंद पाडते. त्यामुळे तेवढाच ओंडका कापायला ताकद जास्त लागते आणि भुसाही जास्त निघतो. म्हणून आधी वेग पाहावा. दातेरी चाकाच्या एका फेऱ्यात साखळी दात्यांची संख्या गुणिले दोन गुणिले पिच इतकी पुढे सरकते. सात दात्यांचे ३/८ चे चाक तुमच्या मोटरला थेट जोडले, तर एका फेऱ्याला सव्वापाच इंच आणि सेकंदाला जेमतेम ३.२ मीटर वेग मिळेल. हातातल्या चेनसॉची तीच साखळी १०,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते. ३.२ मीटरवर साखळी कापण्याऐवजी ओढत राहील आणि बाभळीत अडकेल.

उलट ०.४०४ चे दहा दात्यांचे चाक घेतले, तर एका फेऱ्याला ८ इंचांहून थोडे अधिक अंतर पडते. तुमच्या मोटरऐवजी २८८० फेऱ्यांची मोटर घेतली तर ते सेकंदाला सुमारे ९.८ मीटर होते आणि पुलीने फेरे दुप्पट केले तर १९.७ मीटर. मोठ्या चाकाचा हा लाभ ०.४०४ च्या बाजूने आहे, शिवाय फुटाच्या ओंडक्याला दिवसभर कापत राहणाऱ्या, यंत्राच्या जोराने दाबल्या जाणाऱ्या बारला जाड कडीच हवी. मोटर पुरेशी ताकदीची असेल तर मी ०.४०४ पिच आणि ०.०८० गेज सुचवीन. ती लहान असेल तर ३/८ आणि ०.०६३ घ्यावे, पण फेरे वाढवण्याची सोय केल्याशिवाय नको. बाजारात ३/८ चीच, पण कमी उंचीची एक साखळी मिळते. ती हातातल्या छोट्या चेनसॉसाठी आहे आणि पिच सारखे दिसले तरी या यंत्राला घेऊ नये.

साल मातीने भरलेली असेल तर अगदी टोकदार कोनाच्या दात्यांऐवजी गोलसर कोपऱ्याचे दाते असलेली साखळी मागावी. ती थोडी सावकाश कापते, पण तिची धार लवकर जात नाही. धार लावायला ३/८ आणि ०.४०४ दोहोंना ५.५ मिलिमीटरची गोल कानस चालते.

वेग वाढवताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. साखळी तुटली तर तिचा तुकडा बारच्या रेषेत गोळीसारखा सुटतो, आणि याला जंगलयंत्रांच्या क्षेत्रात 'चेन शॉट' म्हणतात. मराठीत त्याला काय म्हणावे हा विचार नंतर करता येईल. बारच्या रेषेत माणूस उभा राहणार नाही अशी चालकाची जागा आणि दोन्ही टोकांना जाड पत्र्याचे आवरण आधी करावे. दुकानदाराला द्यायच्या चिठ्ठीवर एवढे पुरे आहे: पिच ०.४०४ इंच, गेज ०.०८० इंच, आणि बार व चाक जागेवर बसवून मोजलेल्या चालक कड्यांची संख्या.