स्वस्त केबलनं आवाज मरतो म्हणे. मला हे अजिबात पटत नाही

षड्ज
परवा इथे फोरमवर एका नव्या मुलानं विचारलं होतं, ४० हजारांत अॅम्प, डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा डबा) आणि स्पीकर बसतील का. त्याला मंद्रसप्तक यांनी दिलेलं उत्तर:

> एकूण बजेटच्या किमान १५ टक्के केबलसाठी बाजूला काढ. चार-पाच हजारांच्या खालची इंटरकनेक्ट (उपकरणं एकमेकांना जोडणारी केबल) लावणं म्हणजे चांगल्या अॅम्पचा गळा दाबणं. तानपुऱ्याची जवारी, ती तारांची गुंज, तीच मरते.

हे वाचून गप्प बसवेना. १५ टक्के म्हणजे सहा हजार. त्या मुलानं ते स्पीकरमध्ये घातले तर थेट एक पायरी वर जाईल, आणि तो फरक त्याच्या आजीलाही ऐकू येईल.

डॅक किंवा सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. त्याचा आउटपुट इंपिडन्स, म्हणजे सिग्नलला आतून होणारा अडथळा, शे-दोनशे ओहम, फार तर हजार. समोर अॅम्पचा इनपुट १० हजार ओहमच्या पुढे. मधल्या दीड मीटर तारेचं कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवून वरचे सूर खाण्याची तिची क्षमता, मीटरला १०० पिकोफॅरड धरलं तर १५०. अगदी हजार ओहमचा सोर्स घेतला तरी वरचे सूर कापले जायला सुरुवात होते १० लाख हर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान २० हजारांवर संपतो. मग जवारी मारली कुणी?

कागदावरचं गणित नको असेल तर घरचं सांगतो. मित्राची १४ हजारांची केबलची जोडी आठवडाभर घरी आणली होती. माझी पुण्याच्या तापकीर गल्लीत मीटरवर घेतलेल्या माईक केबलची, प्लग स्वतः डाग (सोल्डर) देऊन लावलेली, सगळा खर्च ६०० च्या आत. मुलाला अॅम्पच्या मागे बसवलं. नाणं उडवायचं, छापा आला तर केबल बदलायची, काटा आला तर नुसती खुडबुड करायची. एकच विलंबित तोडी, तानपुरे अगदी पुढे असलेलं रेकॉर्डिंग. १२ वेळांपैकी ७ वेळा बरोबर ओळखलं, नुसत्या अंदाजानंही सहा आलीच असती. पहिल्या तीन वेळा तर मी छातीठोकपणे चुकलो.

मंद्रसप्तक
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझंही ऐका.

सहा वर्षांत तीनदा स्वस्त केबल घेतली. पहिलीचा प्लग सैल, बोट लागलं की डावा चॅनेल गायब. दुसरीनं पहिल्या दिवसापासून घूंऽऽ असा आवाज धरला. तिसरी तीच रड. रात्री साडेअकराला घर शांत झाल्यावर मारवा लावावा, आलापातला पहिला मोठा थांबा यावा, आणि त्या थांब्यात ही भुणभुण! ज्याच्या घरी हे झालंय त्यालाच कळेल. शेवटी १४ हजारांची घेतली आणि भुणभुण तीन-चतुर्थांश कमी झाली. त्याच संध्याकाळी. बायकोनं आतल्या खोलीतून विचारलं, "बंद पडलं का काय?" तिला तर किंमतही माहीत नव्हती.

तुमचा नाणेफेकीचा प्रयोग तुमच्या घरात, तुमच्या कानांवर झाला. मला ऐकू आलेलं खोटं ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

षड्ज
खोटं म्हटलेलं नाही. पण भुणभुण कमी होणं वेगळं आणि जवारी उघडणं वेगळं. त्या मुलाला तुम्ही जवारी सांगितलीत.

अण्णा कंट्रोलरूम
दोघंही जरा थांबा. तीस वर्षं रेडिओच्या स्टुडिओत वायरिंग केलंय, म्हणून मध्ये पडतो.

मंद्रसप्तक यांच्या घरी भुणभुण खरंच कमी झाली असणार. आरसीए केबलमध्ये (हीच आपली नेहमीची गोल प्लगची इंटरकनेक्ट) बाहेरची जाळी म्हणजे सिग्नलचीच परतीची तार. दोन उपकरणं भिंतीतल्या अर्थला दोन ठिकाणी जोडलेली असली, किंवा सेट-टॉप बॉक्समधून केबलवाल्याची तार आत आली असली, की एक वेढा तयार होतो आणि त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह या जाळीतून वाहतो. जाळीचा रेझिस्टन्स जितका जास्त, तितका व्होल्टेज ड्रॉप जास्त, आणि तो थेट गाण्यात मिसळतो. फुटपाथवरच्या केबलमध्ये जाळी म्हणून चार केस गुंडाळलेले असतात. भरगच्च विणलेली जाळी आली की घरघर उतरते. षड्ज, म्हणजे केबलनं फरक पडतच नाही हे तुमचं वाक्यही तसंच सोडून देता येणार नाही.

पण त्या जाळीला १४ हजार लागत नाहीत. चांगली आरजी-५९ (टीव्हीची कोअॅक्स, मधे एक तार आणि भोवती जाळी) किंवा माईक केबल घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. जाताना फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाका. मधली तार चिकटली तर ते तांबं चढवलेलं पोलाद, ठेवून द्या. सुरीनं खरवडल्यावर आतून पांढरी निघाली तर अॅल्युमिनियम, त्यावर साधा डाग धरत नाही. आणि मोल्डेड प्लगची केबल घेऊ नका, आत काय केलंय ते दिसतच नाही.

षड्ज
जाळीचा मुद्दा मान्य. माझ्या अॅम्पला टू-पिन आहे, अर्थच नाही, म्हणून मला तो कधी भेटला नाही. मी "भुणभुण वेगळी" म्हणून झटकला, तसं करायला नको होतं. किमतीचं मत मात्र तेच.

सोनचाफा
तुमचं सगळं बोलणं सीडी आणि डॅकचं चाललंय. टर्नटेबलवाल्यांना "कुठलीही चालते" सांगून फसवू नका, मी फसलेय.

बाबांच्या अभंगांच्या रेकॉर्डी आहेत. त्यांच्यासाठी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) लावली. अशाच एका सल्ल्यावरून चार तारांची स्टारक्वाड माईक केबल दोन मीटर घेतली. उत्तम तार, भक्कम प्लग. आणि टाळ असे टोचायला लागले की एक बाजू पूर्ण ऐकवेना. आईनं पदर कानावर घेतला. महिनाभर सुईला दोष दिला.

मग मोजलं. ती केबल मीटरला साधारण १५० पिकोफॅरड, म्हणजे ३००. फोनो स्टेजचे (रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) १०० वेगळे. कार्ट्रिजला हवेत १०० ते २००, सगळं धरून. तिच्या कॉइलचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री, एकूण ४०० पिकोफॅरडशी त्याचा रेझोनन्स, म्हणजे आवाज फुगण्याची जागा, येते १०-११ किलोहर्ट्झला. नेमका टाळांच्या चमकेत. फोनो स्टेज टर्नटेबलच्या शेजारी सरकवली, पाऊण मीटर आरजी-५९ लावली, मीटरला ६७ च्या आसपास. टाळ पुन्हा पितळेचे झाले. खर्च १८० रुपये. महागाची गरज नव्हती, योग्य तारेची होती.

षड्ज
सोनचाफा, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. माझं गणित लाइन लेव्हल, म्हणजे सीडी-डॅकच्या सिग्नलपुरतंच. फोनोला अजिबात लावू नये.

नवखा ऐकणारा
मध्येच विचारतो. वडिलांच्या जुन्या टेप डेकला पाच पिनांचं गोल सॉकेट आहे. ते आरसीएला कसं जोडायचं?

अण्णा कंट्रोलरूम
३ आणि ५ प्लेबॅक, १ आणि ४ रेकॉर्डिंग, २ ग्राउंड. तयार अडॅप्टर घेतलात तर मल्टिमीटरनं आधी तपासा, काहींत १ आणि ४ च जोडलेल्या असतात.

रिफ
एवढं पुराण कशाला? घरघर येत असेल तर अॅम्पच्या थ्री-पिनचा मोठा पाय (अर्थचा) काढा नाहीतर टू-पिनचं अडॅप्टर लावा. वेढाच तुटतो. मी पाच वर्षं असंच गिटारचं अॅम्प वाजवतोय, शून्य आवाज.

मालवणी खाजा
ही पोस्ट आधी काढून टाक. विनंती नाही करत, सांगतोय.

आमच्याकडे चुलतभावानं हेच केलं होतं. लोखंडी बॉडीचा अॅम्प, मोठा पाय कापलेला. जुलै महिना, भिंतींना ओल, खाऱ्या हवेनं सगळं हिरवं पडलेलं. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन गेलं आणि बॉडीत करंट आला. अर्थ असता तर फ्यूज उडाला असता. तो पागोळीखाली पाय धुऊन आला आणि व्हॉल्यूमला हात लावला. हात सुटेना. काकीनं मेन स्विच पाडला म्हणून वाचला. तळहातावर नॉबच्या आकाराचा डाग अजून आहे, आणि त्यानं त्यानंतर कधी गाणं लावलेलं नाही. आणि तू म्हणतोस पाच वर्षं शून्य आवाज!

रिफ
एवढं अंगावर यायचं कारण नाही. सगळे गिटारवाले करतात.

अण्णा कंट्रोलरूम
सगळे करतात म्हणून सांगायचं नसतं. ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण आहे ते दुहेरी इन्शुलेशनचं, ते मुळातच दोन पिनांवर बनवलेलं असतं. बाकी कशाचाही अर्थ तोडायचा नाही. गिटार तर तुमच्या गळ्यात असते आणि तिच्या तारा अॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, हे लक्षात घ्या.

वेढा सिग्नलच्या बाजूनं तोडा. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. एकेक केबल काढून बघा, कुठली काढल्यावर आवाज जातो ते. सेट-टॉप बॉक्सची असेल तर कोअॅक्सला आयसोलेटर. नाहीच गेला तर सिग्नलच्या केबलमध्ये वन-टू-वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो गाणं पुढे नेतो पण तारांचा थेट जोड तोडतो. आणि घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर केबलच्या आधी तो बसवून घ्या.

आता खरं दुखणं. आमच्या सोसायटीत दर्शनी भिंतीच्या टाइल्सवर वर्गणी निघते, लिफ्टला आरसे लागतात, पण अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे कमिटीत एकालाही सांगता आलं नाही. मी शोधला तेव्हा त्यावर कुंडी ठेवलेली होती. आत ना कोळसा, ना मीठ, पट्टी गंजून तुटलेली. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं असतं, हे वॉचमनला माहीत होतं, सेक्रेटरीला नाही. तीन वर्षं भांडलो तेव्हा दुरुस्त झाला.

सोनचाफा
आमच्याकडे खड्ड्यावर पार्किंगचे पेव्हर ब्लॉक घातलेत. कमिटी म्हणते, उकरायला सर्वसाधारण सभेचा ठराव हवा.

मालवणी खाजा
ठराव करायला कोण मरायची वाट बघतायत काय?

मंद्रसप्तक
अण्णा, अर्थ ठीक आहे की नाही हे घरी कसं कळतं?

अण्णा कंट्रोलरूम
मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. हात कोरडे, पायात चप्पल. सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या, स्वतः करू नका.

रिफ
अॅम्पला नवा थ्री-पिन लावून घेतला. घरघर परत आलीये. ट्रान्सफॉर्मर कुठला घ्यायचा ते सांगा. खाजा, भावाचं ऐकून वाईट वाटलं.

मंद्रसप्तक
शेजारचा मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आहे, त्याच्याकडून मोजून घेतलं. न्यूट्रल-अर्थ ४१ व्होल्ट. ज्या बोर्डावर अॅम्प आहे तिथंच. किचनच्या प्लगलाही तेच.

वायरमन उद्या सकाळी येतोय. तोवर अॅम्प आणि वॉशिंग मशीन दोन्ही बंद. षड्ज, त्या मुलाला १५ टक्के सांगितलं ते मागे घेतो, सांगा त्याला. माझी केबल मात्र मी काढणार नाही.