रातांब्याची किंमत त्यातल्या रेणूंवरून ठरवावी का?

मूळ लेखन : वृक्षाम्ल

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका दुकानात कोकम सरबताची बाटली हातात घेतली. ‘चरबी जाळणाऱ्या नैसर्गिक एचसीएने युक्त’ ही ओळ पुढच्या बाजूला ठसठशीत छापलेली होती, आणि त्या सरबतातला सर्वांत मोठा घटक साखर आहे ही माहिती मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत होती. साखरेच्या पाकाने वजन उतरते असे सांगण्याचे धाडस पाहून हा धागा काढावासा वाटला. माझे म्हणणे असे की रातांब्याची भलामण त्यातल्या एखाद्या रेणूच्या नावाने करू नये. ती खरी नाही, आणि उद्या ती कोकणाच्याच अंगाशी येईल.

थोडी पार्श्वभूमी देतो. आपला रातांबा म्हणजे कोकमाचे फळ, गोव्याचे भिरंड, हे गार्सिनिया या प्रजातीतले झाड आहे. केरळात माशाच्या कालवणात धुरावर वाळवून घालतात ती कुडमपुळी, थायलंड-मलेशियाकडचे मँगोस्टीन आणि ज्याच्या चिकापासून गॅम्बोज हा पिवळा रंग बनवतात ते कंबोडियाकडचे झाड, ही सगळी त्याची भावंडे. या कुळात रसायनांची रेलचेल आहे. आंबटपणा देणारे हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल (हेच ते एचसीए), सालीतले पिवळे गार्सिनॉल, मँगोस्टीनमधली झँथोन वर्गातली संयुगे आणि आगळाला (कोकमाच्या खारवलेल्या रसाला) तो गडद लाल रंग देणारी अँथोसायनिने ही त्यांतली ठळक नावे.

फार दिवस या फळांतले आम्ल चिंचेतले किंवा लिंबातलेच असावे असा समज होता. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली कुडमपुळीतून ते वेगळे काढून त्याची खरी ओळख पटवली. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की पेशीत सायट्रेट फोडून चरबीसाठी कच्चा माल पुरवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) हे आम्ल अडवते. उंदरांवरचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते, आणि तिथूनच गोळ्यांचा बाजार उभा राहिला.

माणसांवर काय झाले? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या चाचणीत १३५ जणांना कमी उष्मांकाच्या आहाराबरोबर बारा आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम एचसीए किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. एचसीए घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले, आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. एवढे समोर असताना बाटलीवर ती ओळ कशी छापली जाते?

प्रतिसाद : कुडाळचा बागायतदार

धागाकर्त्यांचा बाटलीवरचा राग मला समजतो, पण पुण्यातल्या दुकानातून दिसणारा रातांबा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या अंगणात पडलेला रातांबा यांत फार अंतर आहे, हे नम्रपणे नोंदवतो.

हे फळ ऐन तोंडावर आलेल्या पावसाशी शर्यत लावून पिकते. साल सोडवायची, गरातून सुटलेल्या रसात मीठ घालून ती बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा रसात बुडवायची, अशी चार-पाच पुटे दिल्यावर आमसूल काळे आणि मऊ होते. मधेच दोन दिवस आभाळ भरून आले की बुरशी धरते आणि सगळा माल उकिरड्यावर जातो. रोपापासून लावलेल्या झाडांत जवळजवळ निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. दापोलीच्या विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी जात दिली, कलमे दिली, तेव्हा कुठे हा जुगार थोडा कमी झाला. अशा स्थितीत कोणी ओली साल थेट उचलून तिच्यातले आम्ल किंवा रंग काढून विकणार असेल, तर मला पावसाची धास्ती राहत नाही. आमसुलाला जो भाव मिळतो त्यावर या झाडाचे जतन होणार नाही; त्याच्या जागी काजू येईल, नाही तर काहीच येणार नाही.

आणि रेणूंच्या नावाने विकणे एवढे वाईट असेल, तर मग कोकमाच्या बियांच्या तेलाचे काय? आमच्या घरी ते मुठीत वळून मुठेल करून ठेवत आणि थंडीत टाचांच्या भेगांना लावत. त्याच तेलातली चरबी कोकोच्या चरबीशी जुळते म्हणून युरोपात चॉकलेटमध्ये घालायला परवानगी असलेल्या सहा वनस्पतिजन्य चरबींमध्ये तिला जागा मिळाली आहे. ती जागा तिच्या रासायनिक रचनेमुळेच मिळाली ना?

प्रतिसाद : परीक्षानळी

दोन्ही बाजूंनी थोडी गफलत होते आहे.

आधी धागाकर्त्यांसाठी. १९९८ ची चाचणी महत्त्वाची आहे, पण तिच्यावर आक्षेपही घेतले गेले: तंतुमय पदार्थ भरपूर असलेल्या आहारामुळे आम्लाचे शोषण कमी झाले असावे, असे काहींचे म्हणणे होते. म्हणून एकाच चाचणीवर भिस्त ठेवू नये. २०११ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा एचसीएच्या बाजूने सरासरी ०.८८ किलोचा फरक दिसला, पण केवळ काटेकोर चाचण्या धरल्या तर तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. निष्कर्ष आपल्याच बाजूचा आहे. फक्त तो भक्कम पुराव्यावर उभा करावा.

या अपयशाचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. उंदीर पिष्टमय आहारातून मोठ्या प्रमाणावर नवी चरबी तयार करतो. रोजच्या जेवणात तेल-तूप असणाऱ्या माणसाचे शरीर तयार चरबीच साठवते आणि कर्बोदकांपासून नवी चरबी फारशी बनवत नाही. म्हणजे कुलूप बरोबर होते, पण चोर त्या दाराने येतच नव्हता. हेच विकार अडवणारे विकर — क्षमा असावी, विकर अडवणारे औषध — बेंपेडोइक आम्ल या नावाने २०२० पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे, पण ते कोलेस्टेरॉलसाठी आहे आणि यकृतात पोहोचल्यावरच सक्रिय होते. सांगायचे असे की मूळ कल्पना मूर्खपणाची नव्हती.

आता बागायतदारांसाठी. मुठेल आणि एचसीए यांची तुलना योग्य नाही. चॉकलेटमधली चरबी ठरावीक तापमानाला वितळते की नाही, हे कोणीही तपासून पाहू शकतो. त्यात आरोग्याचा दावा नाही. गार्सिनॉलची गोष्ट तर याहून बोलकी आहे. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या गटाने २००४ साली दाखवले की ते पेशीतल्या जनुकांची उघडझाप करणाऱ्या एका विकरगटाला रोखते. संशोधनासाठी ते फार मोलाचे साधन आहे. परंतु गार्सिनॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ‘कर्करोगरोधक गार्सिनॉलयुक्त सरबत’ असे कोणी छापले, तर बाटलीत ते कितपत आहे इथूनच प्रश्न सुरू होतो.

रंगाचा एक प्रयोग मात्र घरी जरूर करून पाहावा. काचेच्या पेल्यात चमचाभर आगळ पाण्यात घालून त्यावर खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली की बुडबुडे येतात आणि लाल रंग मळकट जांभळा-निळा होत जातो. लगेच लिंबू पिळले तर लाली बऱ्यापैकी परतते. नारळाच्या दुधात सोलकढी गुलाबी-जांभळटाकडे झुकते त्यामागे हेच आहे. उन्हात ठेवलेली सरबताची बाटली वर्षभरात विटकरी होते, कारण ही अँथोसायनिने उष्णता आणि प्रकाश सोसत नाहीत. मग त्यांच्या नावावर सांगितलेले ‘अँटिऑक्सिडंट’ गुण नक्की कोणत्या महिन्यातल्या बाटलीला लागू होतात?

प्रतिसाद : आजीचा बटवा

एवढे शास्त्र वाचल्यावर एक साधा प्रश्न विचारते. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमची आजी आमसुले पाण्यात कोळून ते पाणी अंगाला लावत असे, आणि खाज कमी होत असे. आयुर्वेदात वृक्षाम्ल म्हणून याची नोंद आहे. हा अनुभव शेकडो घरांतला आहे. चाचणी झाली नाही म्हणून तोही दावा खोटा ठरवायचा का? रेणूंच्या नावाने बढाई मारणाऱ्या कंपन्या आणि परंपरेने आमसूल वापरणाऱ्या घरातल्या बायका यांना एकाच मापाने मोजले जात आहे असे मला वाटते.

प्रतिसाद : वृक्षाम्ल

आजींना एका मापाने मोजत नाही. आजीने पाणी लावले, थंडावा मिळाला, आणि गांधी तशाही काही तासांत बसतात. यात कोणाचे नुकसान नाही आणि कोणी पैसे मागितले नाहीत. माझा आक्षेप आजीच्या हातातले आमसूल काढून त्याचा अर्क कुपीत भरणाऱ्यांवर आहे. ‘परीक्षानळी’ यांनी केलेली दुरुस्ती मान्य.

प्रतिसाद : वॉर्डातून

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून ‘नुकसान नाही’ या मुद्द्यावर लिहितो. आमसूल आणि आमसुलाचा अर्क यांत नुकसानीच्या दृष्टीनेही फरक आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली वजन घटवणाऱ्या एका लोकप्रिय उत्पादनमालिकेविरुद्ध इशारा दिला. त्यामागे कावीळ आणि यकृताच्या इजेच्या २३ गंभीर तक्रारी होत्या आणि त्यांत एक मृत्यू होता. त्या उत्पादनांत अनेक घटक असल्याने दोष एकट्या गार्सिनियावर टाकणे तेव्हा घाईचे ठरले असते. पण नंतर केवळ गार्सिनियाचा अर्क घेणाऱ्यांतही यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली, आणि अशा रुग्णांत प्रतिकारशक्तीशी संबंधित एक विशिष्ट जनुकीय प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. हाच प्रकार हिरव्या चहाचा अर्क आणि हळदीचा अर्क घेऊन यकृत बिघडलेल्यांतही आढळला आहे. म्हणजे बहुसंख्यांना काही होत नाही, पण काही मोजक्यांना होते, आणि ते कोण हे गोळी घेण्यापूर्वी कळत नाही.

एक हिशेब मुद्दाम मांडतो, कारण ‘जेवणात काय, नगण्यच जाते’ असे म्हणून चालणार नाही. वाळलेल्या सालीतले एचसीए निरनिराळ्या मोजणींत साधारण १० ते ३० टक्के भरते. पाच ग्रॅम आमसुले म्हटली, तर त्यांत अर्धा ते दीड ग्रॅम आम्ल झाले. हे गोळीतल्या मात्रेच्या जवळपास जाते! फरक असा की ती पाच ग्रॅम चार-पाच माणसांच्या आमटीत पडतात, सगळे आम्ल उतरत नाही, उकळताना त्यातले काही दुसऱ्या रूपात जाते, आणि रोज तीन वेळा महिनोन्महिने कोणी आमटीचा डोस घेत नाही. शिवाय गोळी घेणारा माणूस बहुधा आणखी दोन अर्कही घेत असतो, आणि ते विचारल्याशिवाय डॉक्टरांना सांगत नाही. ‘झाडपाल्याचेच तर आहे’ हे वाक्य मी कावीळ झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकले आहे की आता तो प्रश्न मीच आधी विचारतो.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज याच प्रजातीने खोटा पाडला आहे. गॅम्बोजचा पिवळा चीक पूर्वी जालीम जुलाब म्हणून देत आणि मात्रा चुकली तर माणूस दगावे. (याच चिकाचे सूक्ष्म कण पाण्यात कसे थरथरतात हे मोजून झाँ पेरँ यांनी रेणूंचे अस्तित्व पटवून दिले आणि त्यांना १९२६ चे नोबेल मिळाले, हे विषयांतर या धाग्यात शोभेल म्हणून लिहिले.)

प्रतिसाद : शिरसीकर

बागायतदारांच्या आर्थिक मुद्द्याला आमच्या भागातला दाखला देतो. उत्तर कन्नडमधल्या जंगलात कुडमपुळीच्या झाडाला उप्पागे म्हणतात. नव्वदच्या दशकात परदेशात एचसीएच्या गोळ्यांचा बोलबाला झाला आणि ज्या फळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याला एकाएकी भाव आला. दुसरा कोणी नेण्याआधी आपण न्यावे या घाईत लोकांनी कच्ची फळे काढली, फांद्या तोडल्या, आणि पावसाळ्यात येणारे ते फळ वाळवण्यासाठी जंगलातलेच लाकूड जाळले. पुढे मागणी ओसरली, भाव पडला, आणि तोडलेल्या फांद्या मात्र परत जोडता आल्या नाहीत. रातांबा खाजगी परसात असल्याने तिथे असेच होईल असे मी म्हणत नाही, पण अमेरिकेतल्या फॅशनवर बेतलेला भाव किती वर्षे टिकतो हे ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद : कुडाळचा बागायतदार

शिरसीकरांचा दाखला झोंबला, कारण आमच्याकडेही एक व्यापारी दोन मोसम ओली साल उचलून तिसऱ्या वर्षी फिरकला नाही. तरीही साल थेट विकण्याच्या मताशी मी ठाम आहे. रंगासाठी आणि चरबीसाठी मागणी येत असेल तर ती मी नाकारणार नाही, कारण त्यात कोणाच्या यकृताशी खेळ नाही. अर्काच्या गोळ्यांना मात्र यापुढे माल देणार नाही, एवढे डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून ठरवले.

आता कबुली देतो. आमच्या बचत गटाच्या सरबताच्या लेबलावरही ‘वजन नियंत्रणास उपयुक्त’ अशी ओळ आहे. छापखान्यातल्या मुलाने सुचवली, आम्ही हो म्हटले. अजून दोन हजार लेबले शिल्लक आहेत आणि ती टाकून देणे परवडणारे नाही, म्हणून त्या ओळीवर ‘थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे’ अशी पट्टी चिकटवायचा विचार आहे. ‘परीक्षानळी’ यांनी रंगाबद्दल लिहिले आहे म्हणून विचारतो: काचेची तपकिरी बाटली वापरली तर विटकरी होणे किती महिने लांबेल?