स्वतःचे वेबपान माझ्या लॅपटॉपवर नीट दिसते, इतरांच्या मोबाइलवर दिसत नाही – मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी ऐरोलीला राहते आणि ठाण्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या अर्जासोबत आपल्या कामाचा दुवा देता यावा, म्हणून मी एकाच पानाचे साधे संकेतस्थळ तयार केले आहे. त्यात माझी ओळख, ठाणे खाडीत गेल्या दोन हिवाळ्यांत काढलेली फ्लेमिंगोंची सात छायाचित्रे आणि माझ्या आजोबांनी खाडीकाठच्या मिठागरांविषयी पूर्वी लिहिलेला एक लेख आहे. (खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यामुळे हा विषय अर्ज वाचणाऱ्यांच्या नजरेत भरेल, असा थोडा स्वार्थही त्यात आहे.)

पान मी नोटपॅडमध्ये हाताने लिहिले आणि गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर रिपॉझिटरी (फाइलींचा साठा) उघडून गिटहब पेजेसच्या मोफत सोयीतून प्रसिद्ध केले. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट लपवत असल्याने माझी इंडेक्स फाइल, म्हणजे मुख्य पानाची फाइल, प्रत्यक्षात 'डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' अशी साठवली गेली होती, आणि ते लक्षात येईपर्यंत पहिली संध्याकाळ त्यातच गेली. ती चूक माझी मला सापडली, पण पुढच्या अडचणी सुटत नाहीत.

पहिली अडचण अशी, की सात छायाचित्रांपैकी चार सर्वांना दिसतात आणि तीन ठिकाणी तुटक्या चित्राची खूण येते. दिसणारी चार माझ्या मोबाइलवर काढलेली आहेत, तर न दिसणारी तिन्ही मामाच्या कॅमेऱ्यातील आहेत. माझ्या लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली की सातही दिसतात. दुसरे म्हणजे, आजोबांचा लेख माझ्याकडे स्वच्छ मराठीत दिसतो, परंतु मैत्रिणीच्या मोबाइलवर त्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. पानावरील बाकीचे मराठी मात्र तिला व्यवस्थित वाचता येते. तिसरे, मोबाइलवर सगळे पान इतके बारीक दिसते, की दोन बोटांनी मोठे केल्याशिवाय काही वाचता येत नाही. हे तिन्ही दोष एकाच कारणाने होत आहेत की वेगवेगळ्या, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

कारणे तीन आहेत. छायाचित्रांचे आधी सांगतो, कारण उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. बरेच कॅमेरे फाइलच्या नावाच्या शेवटचे 'जेपीजी' कॅपिटल अक्षरांत लिहितात, आणि आपण कोडमध्ये सवयीने ते लहान अक्षरांत टाइप करतो. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांतला हा फरक जाणवत नाही, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर चित्र उघडते. गिटहब पेजेसच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावे असतात आणि मागितलेल्या नावाची फाइल तेथे नसतेच. सर्व नावे लहान अक्षरांत, रिकाम्या जागा न सोडता पुन्हा लिहा. त्याच वेळी कॅमेऱ्यातील छायाचित्रांची रुंदी दीड-दोन हजार पिक्सेलपर्यंत कमी करा, म्हणजे लोकलमध्ये उभे राहून पान उघडणाऱ्याला ताटकळावे लागणार नाही.

बारीक अक्षरांसाठी पानाच्या कोडमधील सुरुवातीच्या हेड भागात व्ह्यूपोर्टची मेटा ओळ, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे दाखवण्याची सूचना, घाला. ती नसली, की मोबाइल पान संगणकाच्या रुंदीचे आहे असे धरून आक्रसून दाखवतो.

प्रतिसाद २

आजोबांचा लेख बहुधा युनिकोड (सर्व उपकरणांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) रुळण्यापूर्वीच्या, डीटीपीच्या म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या काळातील फॉन्टमध्ये टाइप केलेला असावा. त्या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरे मुळात रोमनच असतात आणि त्यांच्यावर देवनागरीचे फक्त चित्र चढवलेले असते. फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर असल्याने तुम्हाला मराठी दिसते आणि मैत्रिणीला मूळ रूप दिसते. तिला तो फॉन्ट पाठवणे हा उपाय नव्हे. त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि नंतर तो ओळ न ओळ वाचा, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होत असे, आणि परिवर्तक नेमका तेथेच चुकतो. पानाची भाषा मराठी आहे हे 'एमआर' या खुणेने कोडमध्ये जरूर नोंदवा. काही फॉन्ट ती खूण पाहून ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात.

एक न विचारलेली गोष्ट. ओळखीच्या भागात मोबाइल क्रमांक किंवा घरचा पत्ता दिला असल्यास तो काढा. संपर्कासाठी ईमेल पुरेसा आहे.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. कॅमेऱ्यातील दोन छायाचित्रे आता दिसतात. तिसरे नाव दुरुस्त करूनही दिसेना, तेव्हा कोड पुन्हा वाचला. तेथे मी चित्राचा पत्ता म्हणून माझ्याच सी ड्राइव्हवरील डेस्कटॉपचा पूर्ण मार्ग लिहून ठेवला होता, म्हणजे ते छायाचित्र जगात फक्त मलाच दिसणार होते. परिवर्तकाविषयीचा इशाराही खरा ठरला. 'मिठागर'ची वेलांटी म च्या आधी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकली होती आणि 'पर्यंत' सगळीकडे 'पयर्ंत' झाले होते. लग्नाच्या बायोडेटाप्रमाणे मी खरोखरच क्रमांक आणि सोसायटीचा पत्ता लिहिला होता, तो काल रात्री पुसला.

प्रतिसाद २

पानावरून पुसला, पण रिपॉझिटरीतून नाही. गिटहब प्रत्येक बदलाची आधीची आवृत्ती जपून ठेवते आणि रिपॉझिटरी सार्वजनिक असल्यामुळे इतिहासाच्या यादीत कालचे पान कोणीही उघडू शकतो. इतिहास पुन्हा लिहिण्याचे मार्ग आहेत, परंतु तुमच्याकडे एक पान आणि सात चित्रे आहेत. रिपॉझिटरी पूर्ण काढून टाका, त्याच नावाची नवी करा आणि दुरुस्त केलेल्या फाइलच तेवढ्या चढवा. पान पुन्हा दिसायला दहा मिनिटेही लागू शकतात, तेवढ्यात घाबरून तीच फाइल तीनदा चढवू नका.

धागालेखिका

तसेच केले. इतिहासात आता एकच नोंद आहे आणि मैत्रिणीच्या मोबाइलवर सातही छायाचित्रे दिसतात. लेखाचे तीन परिच्छेद तपासून झाले आहेत; उरलेले आजोबांना मोठ्या अक्षरांत छापून दिले आहेत, कारण दोन ठिकाणी मूळ शब्द कोणता होता हे तेच सांगू शकतील.