चर्चा: देवाची इच्छा कळायला खूण हवीच का?

नेवाशाचा वाचक
आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका नर्स मुलीला जर्मनीत नोकरी मिळाली आहे. भाषेची परीक्षा झाली, करार हातात आहे, घरून नकार नाही. तरी ती सही करत नाही. "प्रभूने अजून काही दाखवलं नाही," म्हणते.

माझं मत असं की बायबलच्या वचनाने जिथे आज्ञा दिलेली नाही, तिथे देवाने आपल्याला मोकळं ठेवलं आहे. प्रार्थना करून, चार जाणत्यांना विचारून निर्णय घ्यावा. 'ही देवाची इच्छा आहे' असं शास्त्र थेट कशाबद्दल म्हणतं? १ थेस्सलनीकाकरांस ४:३ मध्ये पवित्रीकरणाबद्दल, ५:१८ मध्ये सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्याबद्दल. विधवेच्या पुनर्विवाहाविषयी पौल सांगतो (१ करिंथ ७:३९) की तिला वाटेल त्याच्याशी तिने लग्न करावं, फक्त ते प्रभूमध्ये असावं. लग्नासारख्या गोष्टीत एवढी मोकळीक आहे!

गिदोनाने लोकर जमिनीवर ठेवून दवाची खूण मागितली, ती गोष्ट सगळे सांगतात. पण देव त्याच्याशी आधीच बोलला होता. लोकर त्याने खात्रीसाठी मागितली आणि दुसऱ्यांदा मागताना 'माझ्यावर कोपू नकोस' अशी विनवणीही केली. वर्षाच्या शेवटच्या रात्री मंडळीत वचनांच्या चिठ्ठ्या काढतात, तीत यिर्मया २९:११ ('तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत') निघालं की आपण ते आपल्या नोकरीला लावतो. ते पत्र बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे, आणि त्याआधी घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा असं सांगितलं आहे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. पाळक उठून म्हणतात, "प्रभूने मला तुझ्याविषयी दाखवलं." विशीतली मुलगी त्यावर नाही कशी म्हणणार?

उपवासी बहीण
भाऊ, वचनं तुमची बरोबर आहेत, पण देवाला बोलायला जागाच ठेवली नाहीत. प्रेषितांची कृत्ये १६ वाचा. आसिया प्रांतात पौलाने वचन सांगण्यात गैर काय होतं? तरी पवित्र आत्म्याने मना केलं. बिथुनियाकडे वळले, तिथेही जाऊ दिलं नाही. मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. पौलाकडे शहाणपण कमी होतं का?

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आत्मिक जागृती झाली, ती आधी महिनोन्‌महिने जमून प्रार्थना केल्यावर. वाट पाहणं हेही विश्वासाचंच काम आहे. त्या मुलीला आत शांती नसेल. कलस्सै ३:१५ म्हणतं, ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो. शांती नसताना सही करू नये, असंच मी तिला सांगेन.

नेवाशाचा वाचक
ताई, कलस्सै ३:१५ च्या त्याच ओळीत 'एक शरीर' आहे. ती मंडळीतल्या आपसातल्या शांतीची गोष्ट आहे. करारावर सही करताना पोटात गोळा येणं हा देवाचा नकार कसा? आणि पौलाने दृष्टान्तासाठी मुक्काम ठोकला नव्हता. तो चालत होता, वाटेत त्याला वळवलं गेलं.

वसईकर
आमच्या कॅथलिक परंपरेत या दोन्हींच्या मधली वाट आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस मनातल्या हालचालींकडे लक्ष द्यायला सांगतात, पण मन उजाड, अस्वस्थ असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये असा त्यांचा नियमच आहे. म्हणजे अशांती हा देवाचा आवाज असेलच असं नाही. ते आणखी एक सुचवतात: हाच प्रश्न घेऊन एखादा अनोळखी माणूस आला तर त्याला काय सल्ला द्याल, तो विचार करा. मरणाच्या दारात उभं राहून या निवडीकडे पाहा. हे खूप उपयोगी पडतं.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आले. १५४० मध्ये भारतातल्या या कामासाठी निवड त्यांचे सहकारी बोबादिया यांची झाली होती. ते आजारी पडले, म्हणून ऐन वेळी झेवियर यांना विचारलं, ते तयार झाले. खूण म्हणावी तर सहकाऱ्याचं आजारपण, एवढीच.

नगरची लेक
'पाळकांना दाखवलं' यावर बोलते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर! नवऱ्याला झालेलं पाचारण बायकोवर लागू झालं नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, पण ज्या सिस्टरांनी (जोगिणींनी) त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावरून पत्रांतून भांडल्या. आपल्या या दोन्ही आया आहेत. कुणी 'दाखवलं' म्हटलं तर १ योहान ४:१ प्रमाणे पारखून घ्यायचा त्या मुलीला हक्क आहे. पाळकांनीही तिचं 'नाही' ऐकून घ्यावं.

उपवासी बहीण
याला माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या नावाने दृष्टान्त सांगून दबाव आणणं पापच. पण त्यामुळे देव बोलत नाही असं ठरत नाही.

परदेशातली नर्स
तिला सांगा, करार नीट वाच. मुदतीआधी सोडलं तर पैसे परत मागतात का? तुझं नर्सिंगचं शिक्षण तिथे मान्य होईपर्यंत कोणत्या पदावर, किती पगारावर ठेवणार? गावात उपासनेला जायला जागा आहे का? आईवडिलांचं दुखणंखुपणं कोण पाहणार? याकोब १:५ मध्ये मागायला सांगितलेलं ज्ञान मला अशाच प्रश्नांतून मिळालं, गुडघ्यांवरही आणि फोनवरही.

उपवासी बहीण
चांगली यादी आहे. ती घेऊन मी तिच्यासोबत प्रार्थनेला बसेन. मात्र भाऊ, त्यानंतरही ती थांबली, तर तिला अविश्वासू म्हणू नका.

नेवाशाचा वाचक
नाही म्हणणार, ताई. आणि ती गेली, तर तुम्हीही तिला आज्ञाभंग केला असं म्हणू नका.