कन्हानच्या रेतीचा हिशेब: एकच मध्यक कण की मिश्र कण?

कन्हानकाठ: कन्हान नदीच्या एका रेतीघाटावर पावसाळ्यानंतर किती रेती नव्याने भरेल, याचा हिशेब मांडणारा अहवाल नुकताच वाचला. त्यात तळातील सगळ्या कणांच्या जागी एकच मध्यक आकार (वजनाने निम्मे कण ज्याहून बारीक, तो) धरून, तळाचे कण प्रवाहाबरोबर किती वाहतील हे काढणारे मायर-पीटर व म्युलर यांचे १९४८ चे सूत्र चालवले आहे. माझा आक्षेप या एका कणावर आहे. कामठीजवळ कन्हानचे पात्र कोरडे असताना मी हातभर खड्डा घेतला, तेव्हा वर लिंबाएवढ्या गोट्यांचा एकेरी थर आणि त्याखाली ओली, बारीक रेती निघाली. दोहोंच्या मधल्या आकाराचे कण चाळणीवर जवळजवळ उरलेच नाहीत. शिवाय त्या सूत्रात वहन हे, कण हलू लागण्याच्या उंबरठ्याहून प्रवाहाचा तळावरचा ताण जितका जादा, त्याच्या दीड घाताने वाढते, त्यामुळे मध्यक कणाचे वहन म्हणजे मिश्रणाचे वहन नव्हे. प्रत्येक आकारगटाचा हिशेब वेगळा हवा.

चाळणीवाला: वेगळा हिशेब म्हणजे नेमका कोणता? त्या सूत्रातला, कणाच्या आकाराच्या प्रमाणात मोजलेला ०.०४७ हा एकच उंबरठा ०.५ मिलिमीटरच्या रेतीला आणि ३० मिलिमीटरच्या गोट्याला स्वतंत्रपणे लावून पाहा. गोटा हलायला ६० पट ताण लागेल, असे उत्तर येते. नदीत मात्र रेती गोट्यांच्या आडोशाला दडते आणि गोटा डोके वर काढून प्रवाहाचा मार खातो, म्हणून हे अंतर पुष्कळ कमी होते. आडोशाची दुरुस्ती न करता गट पाडणे एका कणापेक्षाही वाईट. पार्कर व क्लिंगमन यांनी १९८२ मध्ये ही दुरुस्ती अमेरिकेतील ओक क्रीक या ओढ्याच्या मोजमापांवरून बसवली. ती कन्हानला उसनी आणणे मला पटत नाही.

कन्हानकाठ: उसने आकडे नकोत, हे मान्य, पण त्यामागची यंत्रणा उसनी नाही. विल्कॉक व क्रो यांच्या २००३ च्या सूत्रात पृष्ठभागावर रेती वाढली की सरासरी कणाचा संदर्भ-ताण (ज्याला कण जेमतेम वाहू लागतो, तो ताण, त्याच प्रमाणात मोजलेला) ०.०३६ वरून ०.०२१ कडे उतरतो, म्हणजे रेती असली तर गोटेही सहज चालतात. उलट वरची रेती ट्रॅक्टरने उचलली की गोटे जागीच बसून कवच होते आणि खालची रेती कोंडते. ज्या गणितात कणाचा आकारच बदलत नाही, त्यात हे दिसणार कसे?

निवृत्त अभियंता: आपण दोघेही वरून येणारी रेती विसरलात. कन्हानला मिळणाऱ्या पेंच नदीवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांत जे अडते, ते कन्हानच्या त्या घाटापर्यंत येणार नाही. ही आवक चुकली तर गट दोन असोत वा दहा, सारखेच. हिरानो यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या सक्रिय थराची (प्रवाहाशी कणांची देवघेव करणाऱ्या तळाच्या वरच्या थराची) जाडीही शेवटी मॉडेल चालवणाराच ठरवतो, आणि ती बदलली की तळ जाडाभरडा व्हायला लागणारा काळ बदलतो. पुराच्या दिवसांतले नमुने नसताना दहा गट ही निव्वळ सजावट आहे.

कन्हानकाठ: मग रेती आणि गोटे असे दोनच गट धरू, सीमा २ मिलिमीटर.

चाळणीवाला: त्याला माझी हरकत नाही. मात्र या वेळी वरचा थर आणि खालचा थर वेगवेगळ्या पिशव्यांत भरून आणा. एकत्र ओतलेल्या नमुन्यावरून कवच होते की नव्हते, हे कोणतीही चाळणी सांगत नाही.