मदत हवी आहे: उलुवाटूच्या प्रवाळावरील लाटेत उतरण्यापूर्वी

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. येत्या कोरड्या हंगामात बाली बेटावरील उलुवाटू येथे सर्फिंगसाठी जाण्याचा माझा विचार असून, प्रवाळाच्या खडकावर फुटणाऱ्या लाटांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सभासदांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. मी सर्फिंग शिकलो ते कर्नाटकातील मुल्की येथे, वाळूच्या तळावर. लाट पकडून तिच्या अंगावरून तिरके जाणे मला जमते. एरवी सावरकर जलतरण तलावात लांब अंतर पोहण्याचा आणि सोबत जाणकार असतानाच श्वास रोखण्याचा सराव चालू असतो.

माझी पहिली अडचण लाटांचा हवामान-अंदाज वाचण्याची आहे. दीड मीटर उंचीची, आठ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट आणि तितक्याच उंचीची, पण सोळा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट यांत दुसरीची शक्ती सुमारे दुप्पट असते, आणि तिला तळ जाणवू लागतो तो सुमारे 200 मीटर खोलीपासून. पहिलीला मात्र सुमारे 50 मीटरपासून. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांतून निघालेल्या अशा दूरच्या लाटा बुकित द्वीपकल्पाच्या कड्याखालील उथळ खडकावर येऊन एकदम उभ्या राहतात. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावरून आपण नाशिककर काय ते ओळखतो. तशी उलुवाटूच्या कड्यावरून पाहताना नेमकी कोणती खूण पाहावी आणि कोणत्या खुणेनंतर पाण्यात उतरूच नये, हे कोणी सांगू शकेल का?

दुसरा प्रश्न भरती-ओहोटीचा. उलुवाटूच्या लाटेचा रेसट्रॅक नावाचा भाग ओहोटीला वेगवान आणि फार उथळ होतो, म्हणून मी तो टाळणार आहे. पीक या भागात मध्यम भरतीला, लाट लहान असताना सुरुवात करणे माझ्यासारख्याला योग्य ठरेल का? तेथील गर्दीत माझ्यामुळे इतरांना इजा होऊ नये, याचीही मला तितकीच काळजी आहे. लाटेच्या फुटण्याच्या जागेस जो सर्वांत जवळ, त्याचा हक्क पहिला, हा नियम मी कसोशीने पाळतो.

सर्वांत जास्त धास्ती परतण्याची वाटते. पाण्यात जाण्या-येण्याची वाट गुहेतून आहे, प्रवाह खडकाला समांतर ओढत नेतो आणि भरतीला गुहेच्या तोंडाशी पाणी जोरात आदळते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोख धरून हात मारत यावे, असे सांगतात. पण किती आधीपासून? आणि गुहा हुकलीच, तर वळसा घालून पुन्हा प्रयत्न करावा की प्रवाहाबरोबर पुढे जाऊन सुरक्षित जागी बाहेर पडावे?

शेवटी जखमांविषयी. पडताना डोके खाली न घालता अंग पसरून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहावे, आणि प्रवाळाने कापल्यास कण पूर्ण निघेपर्यंत जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, एवढे मला ठाऊक आहे. पायांतील रबरी बूट बोर्डवरची पकड बिघडवतात का, आणि हेल्मेट आपण स्वतः वापरता का, हे कृपया अनुभवावरून सांगावे. माझी सध्याची तयारी अपुरी वाटत असेल, तर तसेही स्पष्ट लिहावे. मी बेत एक हंगाम पुढे ढकलेन.