‘लेट अपेक्स’ला मराठीत काय म्हणावे?

निंबोणी : फॉर्म्युला वन शर्यतींत वळणे कशी घेतली जातात, यावरील एका इंग्रजी लेखाचा मी दिवाळी अंकासाठी अनुवाद करीत आहे. त्यात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरील तिसऱ्या वळणाचे वर्णन आहे. ते वळण संथ आहे आणि त्याच्यापुढे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. म्हणून चालक तेथे ‘लेट अपेक्स’ घेतात, म्हणजे गाडी बराच वेळ बाहेरच्या कडेने ठेवतात, नेहमीपेक्षा पुढे जाऊन आतल्या कडेला भिडवतात आणि बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर सरळ करून पूर्ण वेग देतात. मी ‘अपेक्स उशिरा घेतात’ असे लिहिले होते. संपादकांनी त्याचे ‘शिरोबिंदूपाशी उशिरा पोहोचतात’ असे केले. वाक्य शुद्ध आहे, परंतु वाचकाला वाटेल की चालक मागे पडला, आणि लेखकाला तर नेमके उलट सांगायचे आहे. यावर उपाय सुचवावा.

शब्दवेध : संपादकांचा शब्द योग्य आहे, क्रियापद तेवढे चुकले. ‘अपेक्स’ हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ टोक असा आहे. रोमन पुरोहितांच्या टोपीवरच्या काडीलाही तेच नाव होते. भूमितीत आपण शिरोबिंदू म्हणतोच. ‘उशिराचा’ ऐवजी ‘पुढचा शिरोबिंदू’ असे लिहिले, की काळाचा घोळ मिटतो.

पंचगंगा : शब्दवेध, मला हे पटत नाही. कोनाचा शिरोबिंदू ठरलेला असतो, तो कोणी पुढेमागे सरकवू शकत नाही. शर्यतीतला अपेक्स मात्र चालक स्वतः निवडतो. त्याचा मार्ग आतल्या कडेला जेथे क्षणभर टेकतो आणि पुन्हा दूर जातो, ती ती जागा. शाळेत वर्तुळाची स्पर्शिका काढताना आपण ज्याला स्पर्शबिंदू म्हणत होतो, तोच हा. इस्तंबूलच्या आठव्या वळणात किंवा बुद्ध सर्किटच्याच दहाव्या-अकराव्या वळणात गाडी एकाहून अधिक वेळा आत टेकते. तेथे एका वळणाला तीन शिरोबिंदू म्हणणे कानाला खटकते, तीन स्पर्शबिंदू म्हटले तर काहीच अडत नाही. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर मुलांना शिकवताना मी हाच शब्द वापरतो आणि तो त्यांना लगेच कळतो.

पसरणीकर : माझे वडील एस.टी.त चालक होते आणि वाई-पाचगणी मार्गावर त्यांची बरीच नोकरी झाली. मला गाडी शिकवताना ते सांगत, “घाई करून आत घालू नकोस, पुढचा रस्ता दिसू दे, मग आत घे.” हा तंतोतंत लेट अपेक्स आहे, आणि त्यात नाम एकही नाही. वडील ते सुरक्षिततेसाठी करीत, कारण समोरून ट्रक येत असेल तर तो आधी दिसावा. शर्यतीतला चालक वेगासाठी करतो. निंबोणीताईंनी ‘चालक गाडी उशिरा आत घेतो’ इतकेच लिहावे. आपल्या भाषेत वाहन चालवण्याचे सगळे ज्ञान क्रियापदांत आहे आणि आपण उगाच नामे घडवत बसतो.

शब्दवेध : पसरणीकर, आपल्या वडिलांचे वाक्य सुंदर आहे, पण आकृतीतल्या बिंदूला नाव द्यावेच लागते. क्रिकेटमध्ये पायचीत, धावचीत, यष्टिरक्षक, षटकार हे शब्द कोणीतरी धीर धरून वापरले, म्हणून आज ते आपले वाटतात. ‘चीत’ तर थेट कुस्तीच्या आखाड्यातून आला. मोटार शर्यतीच्या वाट्याला तेवढे कष्ट का येऊ नयेत?

पंचगंगा : कष्ट जरूर घ्यावेत, फक्त चुकीच्या शब्दासाठी घेऊ नयेत. आणि ज्या क्रिकेटचा दाखला आपण देता, त्यात विकेट आणि अंपायर हेही शब्द मराठी घरांत सुखाने नांदतात.

सिल्व्हरस्टोनचा शेजारी : मी इंग्लंडमध्ये राहतो आणि शर्यती नेमाने पाहतो. अपेक्सचे काहीतरी होईल, मला अधिक अडचण ‘अंडरस्टिअर’ची वाटते. ‘कमी वळणे’ म्हटले की चालकाने स्टिअरिंगच कमी फिरवले, असा समज होतो.

पंचगंगा : त्याला आमच्याकडे सरळ ‘गाडी वळण धरत नाही’ म्हणतात आणि ओव्हरस्टिअरला ‘गाडी मागून सुटते’. दोन्हींत दोष कोणत्या टायरांचा आहे हे आपोआप कळते. पहिल्यात पुढच्या टायरांची पकड आधी जाते, दुसऱ्यात मागच्यांची. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळताना गाडीला कलू न देणारा दांडा, कडक केला, की वळताना पुढच्या बाहेरील टायरवर जादा भार जातो, पुढच्या जोडीची एकूण पकड घटते आणि गाडी वळण धरेनाशी होते. मग बार सैल करायचा किंवा पुढच्या विंगचा, म्हणजे हवेच्या दाबाने टायर जमिनीला दाबणाऱ्या पंखाचा, कोन वाढवायचा. मायकेल शूमाकरला पुढचे टोक तीक्ष्ण, म्हणजे स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देणारे, लागत असे आणि मॅक्स व्हेर्स्टाप्पेनलाही तसेच लागते, मागचा भाग थोडा सुटला तरी असे चालक सांभाळून घेतात. अशा सेटअपची गाडी प्रत्येकाला झेपत नाही, म्हणून एकाच संघातले दोन चालक एकाच गाडीबद्दल वेगवेगळे बोलतात.

निंबोणी : ‘वळण धरत नाही’ मी नक्की घेईन. परंतु अपेक्सचा निर्णय झालेला नाही. शिवाय याच लेखात पुढे ‘अंडरकट’ आहे. प्रतिस्पर्ध्याच्या आधी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावर, जाऊन, नव्या टायरांवर वेगवान फेरी मारून, तो बाहेर येईपर्यंत त्याच्यापुढे जाण्याचा हा डाव आहे.

पसरणीकर : त्यात ‘कट’ कृपया ठेवू नका. आपल्याकडे ‘कट मारला’ म्हणजे बेपर्वाईने आडवी गाडी घातली.

शब्दवेध : बुद्धिबळातला ‘काटशह’ घ्यावा. मराठी वाचकाला त्यातले डावपेच न सांगता कळतात.

सिल्व्हरस्टोनचा शेजारी : काटशह हे उत्तर असते, अंडरकट हा हल्ला आहे. 2021च्या फ्रेंच ग्रां प्रीत हॅमिल्टन पुढे होता आणि व्हेर्स्टाप्पेन सुमारे तीन सेकंद मागे. व्हेर्स्टाप्पेन अठराव्या फेरीला पिटमध्ये गेला, हॅमिल्टन एकोणिसाव्याला, आणि हॅमिल्टन बाहेर आला तेव्हा व्हेर्स्टाप्पेन पुढे होता. याला शह म्हणा. रेड बुल या त्याच्या संघाने बत्तिसाव्या फेरीला व्हेर्स्टाप्पेनला पुन्हा थांबवले आणि 53 फेऱ्यांच्या शर्यतीत बावन्नाव्या फेरीला त्याने हॅमिल्टनला मागे टाकले. तो डाव मात्र वेगळा होता, त्याला अंडरकट म्हणू नये.

शब्दवेध : मग अंडरकटला शह आणि ओव्हरकटला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नंतर थांबून पुढे निघण्याला, काटशह, अशी जोडी जमते.

सिल्व्हरस्टोनचा शेजारी : जमत नाही. 2017च्या मोनॅकोत रायकोनेन पुढे होता. फेरारीने त्याला आधी थांबवले, व्हेटेल एकोणचाळिसाव्यापर्यंत बाहेर राहिला, त्या फेऱ्या त्याने विलक्षण वेगाने काढल्या आणि तो पुढे निघाला. दोघेही एकाच संघाचे होते, मग शह कोणी कोणाला दिला?

पंचगंगा : तेथे रायकोनेनला आधी थांबवणे हाच संघाचा व्हेटेलकडे झुकलेला निर्णय होता, असे माझे ठाम मत आहे. पुढे असलेल्या चालकाला पिटमधून संथ गाड्यांच्या रहदारीत कोणी आणून सोडत नाही.

सिल्व्हरस्टोनचा शेजारी : मी ती शर्यत पुन्हा पाहिली आहे आणि मला तसे वाटत नाही. मागचे प्रतिस्पर्धी बोटास आणि व्हेर्स्टाप्पेन नुकतेच थांबले होते, त्यामुळे रायकोनेनचे स्थान राखण्यासाठी त्याला थांबवणे स्वाभाविक होते. मोनॅकोत नवे टायर तापायला वेळ घेतात आणि त्या दिवशी जुने टायर अजून उत्तम चालत होते. व्हेर्स्टाप्पेनचा संघसहकारी रिकार्डोही असाच उशिरा थांबून बोटास आणि व्हेर्स्टाप्पेनच्या पुढे निघाला. त्यात फेरारीचा काय हात होता?